झेरॉक्सच्या दुकानातलं भुयार

हर्सूल तलावाच्या काठावर शुक्रवारी सकाळी दोनेकशे माणसं जमली होती आणि कडुलिंबाच्या बुंध्याला टेकवलेल्या एका निळ्या सायकलीपुढे हात जोडून उभी होती. कुणीतरी सायकलच्या सीटवर हळद-कुंकू वाहिलं होतं. हवालदारानं दोनदा दम भरला, "सायकलीला हात लावू नका, पुरावा आहे तो." त्यावर एक म्हातारबुवा समजावणीच्या सुरात म्हणाले, "साहेब, आम्ही पुरावा म्हणूनच पाया पडायलो."

सायकल अभय शिंगाडेची होती. उस्मानपुऱ्यात राहणारा, बारावी सायन्सला असलेला सतरा वर्षांचा पोरगा. सोमवारी दुपारी घरातून निघाला तो परतलाच नव्हता. पण गर्दी सायकलीसाठी जमली नव्हती. 'शोधमहर्षी' नानासाहेब यांनी मंगळवारीच फेसबुकवर लिहून ठेवलं होतं: 'बालकाची सायकल उत्तरेला, पाण्याच्या काठी, कडू झाडाखाली सापडेल.' पोस्टवर तारीख मंगळवारची, वेळ सकाळी दहा वाजून बारा मिनिटांची. सायकल सापडली शुक्रवारी पहाटे, फिरायला आलेल्या एका माणसाला. ज्याला शंका असेल त्यानं स्वतःचा मोबाईल उघडून बघावं. लोक उघडत होते, तारीख बघत होते आणि कानाला हात लावत होते.

नानासाहेब तिथंच उभे होते. अंगात भगवं जाकीट, कानात इअरफोन, समोर तीन पायांच्या काठीवर लावलेला मोबाईल. लाइव्ह बघणारे चौदा हजार.

"ब्रह्मांड म्हणजे एक टॉवर आहे," ते सांगत होते. "प्रत्येकाचा आत्मा म्हणजे सिमकार्ड. तुमच्या पापामुळं तुम्हाला रेंज येत नाही. मला गुरुकृपेनं पाचही काड्या येतात. आता मी बालकाच्या आत्म्याला मिस कॉल देतो."

त्यांनी डोळे मिटले. गर्दीनंही मिटले. मग एक डोळा किंचित उघडून त्यांनी मोबाईलवरचे शेरे वाचले आणि पुन्हा मिटून घेतला.

"दिसायलंय. काचेमागं बसलेला एक माणूस. त्याच्याभोवती कागदच कागद. त्याच्या नावाचं पहिलं अक्षर... ध."

गर्दीच्या मागच्या बाजूला धम्मपाल हिवराळे उभा होता. वय बेचाळीस, धंदा झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म, दुकान उस्मानपुऱ्यात, समोरून काच. पोरगा सापडला की काय म्हणून तो दुकान बंद ठेवून आला होता. 'ध' ऐकल्यावर त्यानं गळ्यातला मफलर नाकापर्यंत वर ओढला आणि मुकाट्यानं गाडीला किक मारली.

हे प्रकरण त्याच्या दारात आलं ते मंगळवारीच. सोमवारी दुपारी दोन वाजता अभय त्याच्या दुकानात दोन कागदांची झेरॉक्स काढायला आला होता. धम्मपालनं ते पोलिसांना आपण होऊन सांगितलं होतं. कागद कसले होते, हे त्याला सांगता आलं नाही. "मॅडम, आम्ही कागद वाचत नाय," तो फौजदार सत्यशीलाबाईंना म्हणाला होता, "एक बाजू का दोन बाजू, एवढंच बघतो."

समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात अभय आत जाताना दिसत होता. बाहेर येताना दिसत नव्हता, कारण तेवढ्यात सिलिंडरचा टेम्पो आडवा येऊन उभा राहिला होता. टेम्पो हलला तेव्हा सायकलही नव्हती. पोलिसांना यात काही गूढ वाटलं नाही. पण ती चित्रफीत फुटली आणि 'मिशन अभय' नावाच्या ग्रुपवर जाऊन पडली.

'मिशन अभय'मध्ये नऊ हजार माणसं होती. त्यातल्या निम्म्यांनी उस्मानपुरा कधी पाहिलाही नव्हता. ग्रुप चालवणारा कृष्णा नावाचा गडी इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष तिसऱ्यांदा करत होता आणि स्वतःला तपास अधिकारी म्हणवत होता. चित्रफितीत टेम्पो येण्याआधी एक काळी सावली हलते, तिला त्यांनी लाल गोल काढला. ती कॅमेऱ्याच्या काचेवर बसलेली पाल होती. ग्रुपवर एक दिवस ती बुरखाधारी बाई होती, दुसऱ्या दिवशी आत्मा.

मग कुणीतरी विचारलं की पोरगा आत गेला आणि बाहेर आला नाही, तर गेला कुठं? उत्तर एकच निघालं: खाली. आपल्या शहराच्या पोटात मलिक अंबरच्या काळातली नहर आहे, हे इथं शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. जमिनीखालून वाहणारं ते पाणी. नहर आहे म्हणजे भुयार आलं, भुयार थेट खुलताबादला निघतं, आणि खुलताबादच्या डोंगरात गुप्तधन आहे. गुप्तधन काढायला पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस लागतो. म्हणजे अभय पायाळू असणार.

त्याच्या आईनं, रूपालीबाईंनी, रडत रडत ग्रुपवर लिहिलं की पोरगं सिझरनं झालंय, पायाळू कुठून असेल? त्यावर तीनशे लोकांनी उत्तर दिलं की आई काहीतरी लपवते आहे.

शुक्रवारी सायकल हर्सूलला सापडली आणि लोकांना ते भुयाराचं शेवटचं प्रमाण वाटलं. नहरीचं पाणी हर्सूलकडूनच येतं ना. धम्मपालनं दुकान उघडलं तेव्हा कृष्णा तीस-चाळीस जणांना घेऊन दारात हजर होता. एकाच्या हातात पहार होती, दुसऱ्याच्या हातात मोबाईल.

"भाऊ, फरशी बघायची आहे," कृष्णा म्हणाला.

"बघा की. फरशीच आहे."

"ठोकून बघायची आहे."

"कृष्णा, तू पोरगा हुशार दिसतोस. एक सांग. भुयार हितून निघालं, पोरगं भुयारातून गेलं. मग सायकल तलावावर कशी गेली?"

कृष्णानं मागं वळून बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "सायकल पण भुयारातून गेली."

"माह्या काउंटरच्या फटीतून मी नीट आत जात नाय. सायकल गेली?"

"तेच तर शोधायचंय," कृष्णा म्हणाला. पहारवाला आत शिरला. त्यानं चार फरश्या ठोकल्या. पाचवी कोपऱ्यातली होती, तिच्याखाली घुशीनं माती पोखरलेली. आवाज पोकळ आला. झालं. लाइव्हवर लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवायला सुरुवात केली. धम्मपाल आडवा आला तर दोघांनी त्याला खांद्याला धरून दुकानाबाहेर काढलं, तेही अगदी आदरानं, "भाऊ, जरा बाजूला व्हा, लागेल तुम्हाला," असं म्हणत. पहार तिसऱ्यांदा पडली आणि खालून पाण्याचं कारंजं उडालं.

"नहर लागली," पहारवाला ओरडला.

नळाची पाइप फुटली होती. एकानं ते पाणी तीर्थ म्हणून तोंडाला लावलं. दुसऱ्यानं बाटली भरून घेतली. झेरॉक्सचं यंत्र भिजलं, कागदाचे गठ्ठे भिजले आणि एक दगड येऊन समोरची काच खळकन फुटली. तेवढ्यात सत्यशीलाबाई जीप घेऊन आल्या आणि गर्दी पांगली. जाता जाता कृष्णा त्यांना म्हणाला, "मॅडम, नहरीचं काम पुरातत्त्ववाल्यांना कळवा."

सगळे गेल्यावर धम्मपाल घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिला. राग यावा तर कुणावर यावा, हेच त्याला कळेना. ज्यांनी दुकान फोडलं त्यातल्या चौघांच्या पोरांच्या शाळेचे फॉर्म त्यानं भरून दिले होते. आणि गल्लीच्या टोकाला, शिंगाडेंच्या दारात, रूपालीबाई उभ्या होत्या. त्या त्याच्याकडे बघत होत्या. नेहमी 'भाऊ' म्हणणारी ती बाई डोळे न हलवता बघत राहिली, मग आत गेली आणि दार लावून घेतलं. धम्मपालला काच फुटल्यापेक्षा ते जास्त लागलं.

तो पाणी उपसायला लागला. काउंटरखालचा एक पुठ्ठ्याचा खोका भिजू नये म्हणून त्यानं वर उचलला. ज्याला झेरॉक्सचं दुकान माहीत आहे त्याला हा खोकाही माहीत असेल. माणसं झेरॉक्स जपून घडी घालून नेतात आणि मूळ कागद यंत्राच्या काचेवर विसरून जातात. कुणाचं रेशन कार्ड, कुणाचा दाखला. धम्मपाल ते सगळं या खोक्यात टाकून ठेवायचा. मालक आठवडाभरात आठवण येऊन परत यायचेच.

सगळ्यात वरचे दोन कागद ओले झाले होते म्हणून त्यानं ते वाळत घालायला उलगडले. फुलंब्रीच्या दवाखान्याची दोन पानी चिठ्ठी होती. नाव: मल्हारी शिंगाडे, वय एकाहत्तर. ब्लडप्रेशरच्या गोळ्या, रोज एक, चुकवू नये.

धम्मपाल चिठ्ठी घेऊन तसाच ओल्या पायांनी गल्लीच्या टोकाला गेला. दार रूपालीबाईंनीच उघडलं.

"वहिनी, आत येत नाय. एकच विचारतो. अभयनं घरातून काय काय नेलं?"

त्या हळू म्हणाल्या, "हे मला कुणीच विचारलं नाय, भाऊ. चार दिस झाले, जो येतो तो मलाच सांगतो, काय झालं ते."

त्यांनी आठवून आठवून सांगितलं. स्वेटर नेला. एक चादर. टेबलावर स्वतःच्या खर्चासाठी ठेवलेले थोडे पैसे. मोबाईल नेला नाही, कारण चाचणी परीक्षेत मार्क कमी पडले म्हणून त्याच्या वडिलांनी, हनुमानरावांनी, तो आधीच काढून घेतला होता.

"आणि मल्हारीबाबा कुठं असतात?"

"मामंजी मेंढरं घेऊन फिरस्तीवर. कपाशी निघाली की ह्याच्या रानात दोन रोज, त्याच्या रानात दोन रोज, खतासाठी मेंढरं बसवत हिंडतात. त्यांच्याजवळ फोन नाय."

हनुमानराव आतून बाहेर आले. वाळूजच्या कंपनीत पाळीवर काम करणारा, शरीरानं दणकट माणूस, पण चार दिवसांत अर्धा झाला होता. "तिकडं कशाला जाईल तो," ते म्हणाले. "त्याला डॉक्टर व्हायचंय."

"त्याला का तुम्हाला, हनुमानराव?"

हनुमानरावांनी चिठ्ठी हातात घेऊन तिच्यावरचं बापाचं नाव वाचलं. दिवाळीपासून बाप-लेकांचं बोलणं बंद होतं. मेंढरं विकून शहरात या म्हटलं तर म्हातारा तयार होईना. पोलिसांनी नातेवाइकांची नावं विचारली तेव्हा त्यांनी लाजेपोटी एवढंच सांगितलं होतं, वडील गावी असतात.

धम्मपाल चिठ्ठी घेऊन पोलीस ठाण्यात गेला. सत्यशीलाबाईंनी चिठ्ठी बघितली, नकाशा बघितला आणि म्हणाल्या, "हर्सूलहून काळीपिवळी जीप फुलंब्रीला जाते. सायकल तिथं टेकवून पोरानं तीच धरली असणार. सकाळी निघू." सकाळी त्यांनी ना डोळे मिटले, ना मिस कॉल दिला. फुलंब्रीच्या पुढं, खुलताबादला जाणाऱ्या रस्त्यावर, जो शेतकरी दिसेल त्याला विचारत गेल्या, "मेंढरं कुणाच्या रानात बसलीत?" पाचव्या माणसानं हात वर करून माळ दाखवला.

माळावर ऐंशी मेंढ्या होत्या. त्यांच्यामागं घोंगडं पांघरलेला अभय होता, आणि बाभळीच्या सावलीला, पाय सुजलेला, मल्हारीबाबा चिलीम भरत बसला होता. हनुमानराव जीपमधून उतरले आणि चार पावलांवर थांबले. त्यांना पोराला मिठी मारायची होती का मुस्काटात द्यायची होती, हे त्यांनाच ठरवता येत नव्हतं. शेवटी त्यांनी खाली बसून बापाचा सुजलेला पाय हातात घेतला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"रविवारपासून," म्हातारा म्हणाला. "शेतमालकाच्या फोनवरून घरी लावला. पोरानं उचलला. गोळ्या सरल्या म्हणलो, पाय मुरगळलाय म्हणलो. दुसऱ्या दिशी हजर."

"अरे पण सांगून जायचं ना," सत्यशीलाबाई अभयला म्हणाल्या. "अख्खं शहर पालथं घातलं आम्ही."

अभय गोंधळला. "सांगितलं की. मंगळवारी सकाळी त्याच फोनवरून पप्पांना मेसेज केला. सोमवारी सांगितलं असतं तर पप्पांनी येऊ दिलं नसतं."

हनुमानरावांनी खिशातून मोबाईल काढला. 'मिशन अभय'नं त्यांचा नंबर मंगळवारी पहाटेच जगजाहीर केला होता. न वाचलेले मेसेज सहा हजार दोनशे. सत्यशीलाबाईंनी शेतमालकाचा नंबर टाकून शोधलं. मंगळवार, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटं: 'पप्पा, मी आज्याजवळ आहे. पाय बरा झाला की येतो. मम्मीला सांगा. अभय.' त्याच्या वर एकाचा मेसेज होता की अभय दुबईत आहे. त्याच्या खाली दुसरा होता: 'मी अभय बोलतोय, मला भुयारातून सोडवा.' असे स्वतःला अभय म्हणवणारे अकरा जण निघाले. बाराव्याकडं कुणाचं लक्ष जायचं?

अभय घरी आला. जेवला, झोपला. आजोबा दवाखान्यात गेले, मेंढरं शेतमालकाच्या वाड्यात राहिली. गोष्ट इथं संपायला हवी होती. पण चार वाजता उस्मानपुऱ्यातल्या मंगल कार्यालयात नानासाहेबांचा 'महाशोध सोहळा' ठेवलेला होता, आणि तो रद्द झाला नव्हता. उलट गर्दी दुप्पट झाली होती, कारण नानासाहेबांच्या मंगळवारच्या त्या पोस्टमध्ये आता हेही दिसत होतं: 'बालक चतुष्पादांच्या संगतीत, उंचावर, सुखरूप.'

"चतुष्पाद म्हणजे चार पायाचे," नानासाहेब मंचावरून सांगत होते. "मेंढीला किती पाय असतात?"

"चार," सभागृहानं एका सुरात उत्तर दिलं.

"मंगळवारी लिहिलं होतं मी. तारीख बघा."

धम्मपाल सत्यशीलाबाईंबरोबर आत आला. त्याच्या काखेत कागदाचा एक गठ्ठा होता. मंगळवारी दुपारी नानासाहेबांच्याच भक्तांनी ही पोस्ट भिंतींवर चिकटवायला म्हणून त्याच्याकडून दोनशे प्रती छापून नेल्या होत्या. यंत्रात अडकून चुरगळलेल्या सहा प्रती त्याच्या रद्दीत राहिल्या होत्या. त्यानं पहिल्या रांगेतल्या लोकांना त्या वाटल्या आणि कृष्णाला म्हणाला, "तू वाच. मोठ्यानं."

कृष्णानं वाचलं, "'बालक पश्चिमेला, समुद्राकाठच्या महानगरात, लाल वस्त्रातल्या स्त्रीच्या ताब्यात.'" त्यानं कागद उलटा करून बघितला. "ही दुसरीच पोस्ट आहे."

"तारीख वाच. वेळ वाच."

"मंगळवार... दहा बारा."

"ही कागदावर छापली, म्हणून बदलता आली नाय. आता मोबाईलवरची बघ. तीच तारीख, तीच वेळ, मजकूर निराळा."

सभागृहात कुजबुज झाली. नानासाहेब हसले. "शब्द बदलतात, बंधू. ब्रह्मांड अपडेट होतं."

"मग माझंही होतं का बघू," धम्मपाल म्हणाला. त्यानं स्वतःचा मोबाईल सभागृहाच्या पडद्याला जोडून घेतला. सगळ्यांसमोर आपल्या दुकानाचं पान उघडलं. मागच्या सोमवारची पोस्ट होती: 'पासपोर्ट फोटो अर्ध्या तासात मिळतील.' त्यानं ती बदलायला घेतली. सभागृह पडद्यावर एकेक अक्षर उमटताना बघत होतं: 'शनिवारी चार वाजता नानासाहेब माईकसमोर गप्प उभे राहतील.' त्यानं बटण दाबलं. वर तारीख तशीच राहिली. सोमवार.

लोकांनी पडद्याकडं बघितलं, मग मंचाकडं. नानासाहेब माईकसमोर गप्प उभे होते.

आधी एक बाई हसली, मग अख्खं सभागृह.

"मी त्रिकालज्ञानी झालो का?" धम्मपाल म्हणाला. "तारीख पोस्ट टाकल्याची राहते. मजकूर तुम्ही कधीही बदला. पण एक सोय आहे. पोस्टच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवा. तिथं बदलांचा इतिहास दिसतो. आपापल्या फोनवर बघा, माझ्यावर विश्वास ठेवू नका."

पाचशे बोटं तीन ठिपक्यांवर गेली. मंगळवारी मुंबई. बुधवारी, पुणे स्टेशनवर दिसल्याची अफवा उठल्यावर, पुणे. गुरुवारी खुलताबादचं भुयार. शुक्रवारी सकाळी सहा चाळीसला, म्हणजे फिरायला आलेल्या माणसानं सायकलचा फोटो ग्रुपवर टाकल्यानंतर वीस मिनिटांनी, पाणी आणि कडू झाड. साडेनवाला 'ध', जो ग्रुपवर आदल्या दिवसापासून फिरत होता. आणि शनिवारी बारा चाळीसला, जीप पोराला घेऊन गल्लीत शिरल्यावर, चतुष्पाद.

नानासाहेब मागच्या दारानं निघाले होते. तिथं हवालदार उभे होते. अंगात अलौकिक शक्ती असल्याचं सांगून लोकांना फसवणं हा आपल्या राज्यात गुन्हा आहे, हे सत्यशीलाबाईंनी त्यांना शांतपणे वाचून दाखवलं. पहारवाल्याचं आणि दगडवाल्याचं नाव त्यांच्या दुसऱ्या कागदावर, दुकान फोडल्याच्या तक्रारीत होतं, कृष्णाचंही.

कृष्णा मात्र शेवटपर्यंत धम्मपालच्या मागं मागं चालत होता. "भाऊ, पण खुलताबाद तर आम्ही म्हणलोच होतो. रस्ता खुलताबादचाच निघाला."

"व्हय. तुम्ही मुंबई म्हणला, पुणे म्हणला, दुबई म्हणला, खुलताबाद पण म्हणला. अख्खा नकाशा वाचला तर एक गाव खरं निघणारच. कावळा बसायला अन् फांदी तुटायला गाठ पडली, म्हणून कावळ्याला कुऱ्हाड म्हणायचं नसतं, बाबा."

संध्याकाळी रूपालीबाई दुकानात आल्या. फुटक्या काचेतून आत यायची गरज नव्हती, दार होतं. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"भाऊ, काल मी तुमच्यावर वहीम धरला," त्या म्हणाल्या. "एवढी माणसं म्हणायलीत तर असंल, असं वाटलं मला."

धम्मपालनं हातातला भिजका गठ्ठा खाली ठेवला. मग तो म्हणाला, "वहिनी, तुमचं पोर हरवलं होतं. तुम्ही दगडावर वहीम धरला असता तरी चाललं असतं. बाकीच्यांचं काय हरवलं होतं, ते त्यांनाच ठाऊक."

त्यांनी पदर खोचला आणि खाली बसून भिजलेले कागद वेगळे करू लागल्या.

आपल्यापैकी पुष्कळांच्या फोनमध्ये असा एखादा ग्रुप आजही असेल. पोर हरवलं की जीव हळहळतो, हे खरं आहे आणि चांगलं आहे. पण हळहळ म्हणजे माहिती नव्हे. भविष्य सांगणाऱ्याची तारीख नव्हे, तीन ठिपक्यांमागचा त्याचा आधीचा मजकूर बघा. माहिती असेल तर ती पोलिसांना सांगा, ग्रुपला नको. घरच्यांना दिलासा द्यायचा असेल तर आधी त्यांचं ऐकून घ्या. आणि माहिती नसेल तर 'मला माहीत नाही' म्हणायला लाजू नका. त्या वाक्यानं आजवर कुणाची काच फुटलेली नाही. अभयचा खरा मेसेज मंगळवारी सकाळीच आला होता. तो खाली ढकलला जात होता चार दिवस, आणि ढकलणारे सगळे त्यालाच शोधत होते.